डोळ्याच्या खोबणीवरील हाडाची गाठ

कुत्र्यांचे अस्थिविकार : लेखांक सातवा

कुत्र्याच्या भुवईच्या उंचवट्यावर, गालाच्या हाडावर किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी टणक, न दुखणारी आणि बोटाने रेटली तरी जागची न हलणारी गाठ दिसू लागली, की तिच्याविषयी बहुतेक घरांत दोनच तर्क केले जातात. एक तर्क जुन्या माराचा असतो आणि गाठ तशीच सोडून दिली जाते. दुसरा तर्क कर्करोगाचा असतो आणि मग जनावराची आशाच सोडली जाते. यवतमाळ जिल्ह्यात या दुसऱ्या तर्काला एक जुना आधार आहे. बैलांना होणारा शिंगाचा कर्करोग इथल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. बैलाच्या कपाळाच्या हाडातील पोकळी थेट शिंगाच्या गाभ्यात शिरलेली असल्यामुळे तिथल्या अस्तरातून उद्भवणारा हा रोग शिंग सैल करतो, नाकपुडीतून रक्त आणतो आणि कपाळापर्यंत पसरतो, त्यामुळे कपाळाच्या हाडाची सूज म्हणजे असाध्य रोग हे समीकरण गोठ्यातून घरच्या कुत्र्यापर्यंत येऊन पोहोचते. कुत्र्याच्या बाबतीत ते लागू पडत नाही. त्याच्या डोळ्याभोवतीच्या अर्बुदांमध्ये घातक अर्बुदे आहेत आणि ती संख्येने अधिकही आहेत. परंतु त्यांच्याबरोबर पूर्णपणे बरी होणारी सौम्य अर्बुदेही आहेत, आणि मुळात अर्बुद नसलेले, केवळ तसे भासणारे अनेक विकारही आहेत. ही निवड नजरेने किंवा हाताच्या स्पर्शाने होत नाही. ती कशी करावी लागते आणि उपचाराची सारी दिशा तिच्यावर कशी अवलंबून असते, हा या लेखांकाचा विषय आहे.

ज्या गाठीतील पेशी आपल्या मूळ ऊतीशी मिळत्याजुळत्या राहतात, शेजारच्या ऊतीत घुसत नाहीत आणि रक्तावाटे किंवा लसीकेवाटे दूरच्या अवयवांत जाऊन तिथे नवी वाढ सुरू करत नाहीत, तिला सौम्य अर्बुद म्हणतात. हाडाच्या सौम्य अर्बुदांपैकी कवटीवर आढळणारे प्रमुख अर्बुद म्हणजे ऑस्टिओमा. मागील लेखांकात अस्थिभंग कसा जुळतो हे पाहताना हाडावरचे पातळ आवरण, म्हणजे अस्थ्यावरण, आणि त्याच्या आतल्या थरातील हाड घडवणाऱ्या अस्थिजनक पेशी यांचा उल्लेख आला होता. ऑस्टिओमामध्ये याच प्रकारच्या पेशी एका जागी गरज नसताना हाड घडवत राहतात आणि ते हाड घट्ट, परिपक्व आणि जवळपास नेहमीच्या हाडासारखेच असते. कुत्र्यांमध्ये हे अर्बुद विरळाच आढळते. आढळते तेव्हा जबडा, चेहरा, कपाळ आणि नाकाशेजारच्या हवेच्या पोकळ्या येथील हाडे त्याची नेहमीची ठिकाणे असतात. त्याच्या जवळचे आणखी एक अर्बुद तंतुमय ऊती आणि हाड यांच्या मिश्रणातून बनते व त्याला ऑसिफाइंग फायब्रोमा म्हणतात. ते तरुण घोड्यांच्या खालच्या जबड्यात अधिक परिचित असले तरी कुत्र्यांतही दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली या दोहोंमधील फरक महत्त्वाचा असला, तरी शस्त्रक्रियेच्या दृष्टीने दोन्हींची वागणूक बरीच सारखी आहे.

हे अर्बुद पसरत नाही, म्हणून ते निरुपद्रवी आहे असे मात्र समजता येत नाही, कारण ते ज्या जागी वाढते ती जागा अत्यंत अरुंद आहे. डोळ्याची खोबण, शास्त्रीय भाषेत नेत्रकोटर, ही माणसात सर्व बाजूंनी हाडाने बांधलेली असते. कुत्र्यात ती अपुरी असते. वरच्या व आतल्या बाजूला कपाळाचे हाड, पुढच्या आतल्या कोपऱ्याशी अश्रुमार्गाचे छोटे हाड, खालच्या कडेला गालाचे हाड आणि वरच्या जबड्याचा भाग अशी तिची रचना असते. बाहेरच्या बाजूला हाडाऐवजी एक मजबूत अस्थिबंध कपाळाच्या हाडापासून गालाच्या हाडापर्यंत ताणलेला असतो आणि तळाला तर हाडच नसते, तिथे चर्वणाचे स्नायू आणि गालाच्या हाडाखालची लाळग्रंथी यांचाच आधार डोळ्याला मिळतो. या अपुऱ्या रचनेचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे खोबणीत काहीही वाढू लागले, तर डोळा बाहेर किंवा बाजूला सरकतो आणि रोग तुलनेने लवकर दिसून येतो. दुसरे म्हणजे तोंडातला रोग, विशेषतः शेवटच्या दाढेमागची जखम, कोणत्याही हाडाच्या अडथळ्याविना थेट डोळ्यामागे पोहोचू शकते. निदानाच्या चर्चेत ही दुसरी गोष्ट पुन्हा येणार आहे.

गाठ कुठे आहे यावर लक्षणे ठरतात. भुवईवरची गाठ चेहरा बेढब करते आणि पुष्कळदा त्यापलीकडे काही करत नाही. आतल्या कोपऱ्याजवळची गाठ अश्रुनलिकेवर दाब देते, त्यामुळे त्या बाजूच्या डोळ्यातून सतत पाणी ओघळते आणि गालावरचे केस तपकिरी पडतात. गाठ खोबणीच्या आत, बुबुळाच्या मागे वाढत असेल, तर डोळा पुढे येतो आणि आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी वर चढते; तीच गाठ डोळ्याच्या मध्यरेषेच्या पुढे असेल, तर उलट डोळा आत ढकलला जातो. डोळा इतका पुढे आला की पापण्या पूर्ण मिटत नाहीत, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, त्यावर व्रण होतो आणि दृष्टी जाते. सौम्य गाठीमुळे कुत्रा आंधळा होतो तो बहुधा या मार्गाने किंवा दृष्टिचेतेवर दीर्घकाळ दाब राहिल्याने. गाठ जबड्याच्या सांध्याकडे वाढली, तर तोंड पूर्ण उघडत नाही.

हे बदल इतके सावकाश होतात की रोज पाहणाऱ्याच्या नजरेत ते येत नाहीत. कुत्र्याला बसवून, त्याच्या मागे उभे राहून, डोक्याच्या वरून खाली पाहिले असता दोन्ही डोळ्यांच्या पुढच्या रेषा समान आहेत की नाहीत हे चटकन कळते. घरी करता येईल अशी याहून चांगली तपासणी नाही. दर महिन्याला त्याच बाजूने, त्याच अंतरावरून काढलेले छायाचित्र पशुवैद्याला वाढीचा वेग सांगते, आणि वाढीचा वेग हा निदानातील पहिला भक्कम दुवा आहे. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे रेंगाळणारी वाढ सौम्य अर्बुदाकडे निर्देश करते; काही आठवड्यांत दुप्पट होणारी वाढ घातक अर्बुदाकडे, आणि एका रात्रीत आलेली, तापासह दुखणारी सूज बहुधा पू झाल्याकडे.

यवतमाळसारख्या शेतीप्रधान आणि जंगलाला लागून असलेल्या जिल्ह्यात गाठीसारखे भासणारे विकार कोणते, याची यादी शहरी पुस्तकातील यादीपेक्षा थोडी वेगळी लावावी लागते. कापूस, तूर आणि सोयाबीनच्या शेतात रात्रीची राखण करणारा कुत्रा रानडुकराच्या अंगावर जातो, आणि डुकराच्या धडकेत किंवा सुळ्याच्या वारात गालाच्या हाडाची कमान मोडणे ही शक्यता खरी असते. मोडलेल्या जागी हाड जुळताना जो नवा अस्थिसंचय होतो, तो चेहऱ्यावर ठळक गाठ म्हणून उरतो. जुन्या माराचा तर्क म्हणूनच सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु अशी गाठ काही महिन्यांनी आकसत जाते किंवा निदान वाढायची थांबते, आणि ती वाढतच राहिली तर माराचा इतिहास कितीही पक्का असला तरी तो तर्क सोडून द्यावा लागतो.

दुसरा विकार दाढेच्या मुळाचा. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातील चौथ्या उपदाढेला तीन मुळे असतात आणि ती डोळ्याच्या अगदी खाली येऊन टेकतात. शेतावरचा कुत्रा हाडे, लाकूड, कधी दगडही चावतो; दाढेचा कपचा उडतो, मज्जेत जंतू शिरतात आणि मुळाशी पू साठून डोळ्याखाली सूज येते. प्रतिजैविके दिली की ती ओसरते आणि औषध थांबले की परत येते, कधी डोळ्याखालच्या कातडीला छिद्र पडून पू वाहतो. अशा सुजेवर वर्षभर मलम लावले जाते आणि दाढ मात्र कोणी पाहत नाही. दाढ काढली की सूज जाते.

तिसरा, आणि सर्वांत वेदनादायक, डोळ्यामागचे गळू. कुसळ, बाभळीचा काटा, तुऱ्हाटीचे टोक किंवा हाडाची अणकुची शेवटच्या दाढेमागे रुतली, तर तळाला हाड नसल्यामुळे जंतू थेट खोबणीत जातात. डोळा एकदोन दिवसांत पुढे येतो, ताप असतो आणि तोंड उघडताना कुत्रा ओरडतो, कारण खालच्या जबड्याचे मागचे टोक तोंड उघडताना पुढे सरकून त्या गळवावर दाबते. तोंडातून, दाढेमागच्या जागेतून, भूल देऊन पू काढला की आराम पडतो. गालाच्या हाडाखालच्या लाळग्रंथीतून लाळ झिरपून साठल्यासही डोळा पुढे येतो, पण ती सूज मऊ असते, दुखत नाही आणि सुईने ओढल्यास मधासारखा चिकट, तार धरणारा द्रव येतो. येथे एक सूचना अत्यावश्यक आहे. तोंड उघडे राहिलेल्या, लाळ गाळणाऱ्या किंवा गिळू न शकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात घशात हाड अडकले असेल या समजुतीने हात घालू नये. पिसाळलेपणाचा मुका प्रकार नेमका असाच दिसतो, आणि लसीकरणाची खात्री झाल्याशिवाय अशी तपासणी पशुवैद्यानेही हातमोज्यांशिवाय करू नये.

चौथा विकार आपल्याकडच्या मोकाट आणि अर्धमोकाट कुत्र्यांत विशेष आहे. संसर्गजन्य जननेंद्रियी अर्बुद हे कुत्र्याकडून कुत्र्याकडे जिवंत पेशींच्या रूपाने संक्रमित होणारे अर्बुद असून, काही हजार वर्षांपूर्वी एकाच प्राण्यात निर्माण झालेल्या पेशींची ती अखंड वंशावळ आहे. हुंगण्याच्या व चाटण्याच्या सवयीमुळे या पेशी नाकात रुजतात, नाकातून रक्त येते, नाकाची व खोबणीच्या आतल्या बाजूची हाडे झिजतात आणि डोळ्याखाली फुगवटा येतो. हा फुगवटा पाहून भयंकर कर्करोगाचे निदान करणे सोपे आहे; प्रत्यक्षात नाकातील स्रावाचा किंवा गाठीचा काचपट्टीवर घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की आतमध्ये छोट्या पोकळ्या असलेल्या गोल पेशी ओळखू येतात, आणि व्हिन्क्रिस्टिन हे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून दिल्यास चार ते सहा आठवड्यांत बहुतेक कुत्री बरी होतात. शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही. यासाठी लागणारी तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही शक्य आहे, म्हणून नाकातून रक्त आणि डोळ्याखाली सूज या जोडीत तिचा क्रम पहिला लावणे योग्य ठरते. नाकातून रक्त येण्याचे आणखी एक कारण गोचीडतापाचे आहे. त्याचा विचार पुढे शस्त्रक्रियेच्या संदर्भात होईल.

आता घातक अर्बुदांकडे वळावे लागते, कारण सौम्य अर्बुदाचे निदान म्हणजे प्रत्यक्षात घातक अर्बुद नाही याची खात्री करणे होय. हाडाचा सर्वांत आक्रमक कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा, कुत्र्यांत सुमारे तीन चतुर्थांश वेळा पायांच्या लांब हाडांत होतो. उरलेल्यांपैकी काही कवटीत आणि जबड्यात दिसतात. तो हाड पोखरतो, दुखतो आणि वेगाने वाढतो, त्यामुळे त्याची ऑस्टिओमाशी गल्लत सहसा होत नाही. खरी फसगत करते ते मल्टिलोब्युलर अर्बुद. हे प्रौढ, मध्यम व मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या कवटीच्या सपाट हाडांवर, गालाच्या कमानीवर आणि खोबणीच्या कडेवर होते. सावकाश वाढते, टणक असते, सुरुवातीला दुखत नाही आणि हाताला ऑस्टिओमासारखेच लागते. क्ष-किरण चित्रात मात्र त्याची घडण ज्वारीच्या लाह्यांच्या लाडवासारखी, अनेक छोट्या गोळ्यांनी बनलेली दिसते, कारण ते मधे कूर्चा किंवा हाड आणि भोवती तंतुमय पडदा अशा असंख्य खंडांचे असते. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९ कुत्र्यांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर जवळपास निम्म्या कुत्र्यांत ते पुन्हा उद्भवले आणि निम्म्याहून अधिकांत कालांतराने इतर अवयवांत, मुख्यतः फुफ्फुसांत पोहोचले. तरीही ही कुत्री मध्यमानाने दोन वर्षांहून अधिक जगली, हेही त्याच अभ्यासाने दाखवले. जे अर्बुद ऑस्टिओमा समजून घाईने खरवडले जाते आणि वर्षभराने दुप्पट होऊन परत येते, ते बऱ्याचदा हे असते.

निदानाची पहिली पायरी क्ष-किरण चित्र. ते जागृत, हलणाऱ्या कुत्र्याचे काढून उपयोग नाही. गुंगी देऊन, समोरून, बाजूने आणि विशेषतः तिरपे असे काढावे लागते, म्हणजे खोबणीची कड बाकीच्या हाडांपासून सुटी दिसते. ऑस्टिओमा एकसंध, दाट पांढरा, गुळगुळीत कडांचा दिसतो आणि त्याच्या शेजारचे हाड अबाधित असते. कड फाटलेली असेल, हाड खाल्ल्यासारखे दिसत असेल किंवा दाटी असमान असेल, तर सौम्यतेचा निर्णय तिथेच थांबवावा लागतो. मात्र साध्या क्ष-किरण चित्राची मर्यादा मोठी आहे : हाडातील खनिजांचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक नाहीसा होईपर्यंत झीज त्यात दिसत नाही, आणि कवटीची अनेक हाडे एकमेकांवर पडून चित्र गुंतागुंतीचे होते. सोनोग्राफीच्या लहरी हाडातून जात नाहीत, पण डोळ्यामागचे गळू, लाळेची पिशवी आणि घन गाठ यांतला फरक ती सांगते. हाडाची नेमकी व्याप्ती, गाठ कपाळाच्या पोकळीत किंवा मेंदूच्या बाजूला किती शिरली आहे, हे सीटी स्कॅनच दाखवतो, आणि खोबणीच्या आत जाणारी शस्त्रक्रिया करावयाची असल्यास त्याला पर्याय नाही. भुवईवरच्या छोट्या, बाहेर वाढलेल्या गाठीसाठी चांगली क्ष-किरण चित्रे पुरेशी ठरू शकतात. छातीचे क्ष-किरण चित्र मात्र प्रत्येक रुग्णाचे, दोन्ही कुशींवर आणि उताणे किंवा पालथे असे तिन्ही बाजूंनी काढावे, कारण फुफ्फुसात गाठी असतील तर पुढचा सर्व विचार बदलतो.

अंतिम निर्णय ऊतीच्या तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा. मऊ गाठीत चालणारी बारीक सुई दाट हाडात शिरत नाही. त्यासाठी हाडाची जाड, पोकळ सुई किंवा गोल कापणारे हत्यार लागते आणि भूल द्यावी लागते. येथे दोन चुका वारंवार होतात. गाठीच्या अगदी पृष्ठभागावरचा तुकडा घेतला, तर तो केवळ प्रतिक्रियेने तयार झालेल्या नव्या हाडाचा असू शकतो, आणि खाली दडलेले घातक अर्बुद अहवालात येतच नाही. म्हणून नमुना खोलवरचा आणि एकाहून अधिक ठिकाणचा हवा. दुसरे, सुईचा मार्ग नंतरच्या शस्त्रक्रियेत गाठीबरोबर काढता येईल असाच निवडावा लागतो, कारण गाठ घातक निघाल्यास त्या मार्गात पेशी सांडलेल्या असतात. तुकडा त्याच्या दहापट दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवतात. प्रयोगशाळेत हाडातील कॅल्शियम आम्लाने किंवा तत्सम रसायनाने काढून ते मऊ केल्याशिवाय त्याचे काप होत नाहीत आणि याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. अहवाल उशिरा येतो म्हणून प्रयोगशाळेला दोष देणाऱ्यांनी ही प्रक्रिया लक्षात घ्यावी. नमुन्याबरोबर क्ष-किरण चित्रे आणि वाढीचा इतिहास पाठवणे हे केवळ सौजन्य नाही. जुळणाऱ्या अस्थिभंगातील अपक्व हाड सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारखे आणि मल्टिलोब्युलर अर्बुदाचा कडेचा तुकडा सौम्य हाडासारखा दिसू शकतो. वाढीचा इतिहास, चित्र आणि ऊती या तिन्हींचा मेळ बसला तरच ऑस्टिओमाचे निदान पक्के मानावे. एकही विसंगत असेल तर नमुना पुन्हा घ्यावा.

निदान पक्के झाल्यावर प्रत्येक गाठ काढलीच पाहिजे असे नाही. वयस्क कुत्र्याच्या भुवईवरची, न वाढणारी, डोळ्याला न भिडणारी गाठ दर तीन महिन्यांनी मोजत राहणे हा योग्य वैद्यकीय निर्णय असू शकतो. डोळा सरकला असेल, पाणी वाहत असेल, पापणी मिटत नसेल, तोंड उघडत नसेल किंवा गाठ वाढत असेल, तर मात्र थांबण्यात तोटाच आहे, कारण छोटी गाठ डोळा राखून काढता येते आणि मोठ्या गाठीबरोबर कधी डोळाही द्यावा लागतो. औषधांनी ही गाठ विरघळत नाही. आहारातील कॅल्शियम वाढवल्याने किंवा बंद केल्याने तिच्यात फरक पडत नाही, आणि सौम्य अर्बुदावर कर्करोगाची औषधे देण्याला आधार नाही.

विदर्भात शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासणीला एक जास्तीचे महत्त्व आहे. गोचीड चावल्याने होणारा एर्लिकिओसिस हा आजार आपल्या हवामानात सर्रास आढळतो आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंची संख्या घटते. वरवर निरोगी दिसणाऱ्या कुत्र्यातही जुना संसर्ग असू शकतो. अशा कुत्र्याच्या कवटीवर करवत चालवली तर रक्तस्राव आवरत नाही. म्हणून बिंबाणूंची मोजणी, रक्ताच्या काचपट्टीची तपासणी, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या यांशिवाय तारीख ठरवू नये, आणि संसर्ग आढळल्यास आधी डॉक्सिसायक्लिनचा पूर्ण क्रम द्यावा. हाडाची गाठ काही आठवडे थांबू शकते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचे तत्त्व सरळ आहे : गाठ तिच्यावरच्या अस्थ्यावरणासह आणि पायथ्याच्या थोड्या निरोगी हाडासह एकसंध काढायची. अवघड असतो तो रस्ता. गालाच्या कमानीवरून चेहऱ्याच्या चेतेची एक बारीक शाखा पापणीकडे जाते. ती कापली गेली तर कुत्रा पापणी मिटू शकत नाही आणि गाठ जाऊनही डोळा गमावतो. बाहेरच्या अस्थिबंधाच्या आतल्या बाजूला अश्रुग्रंथी असते, तिला जपावे लागते. हाड कापण्यासाठी छिन्नीपेक्षा विजेवर चालणारी आंदोलक करवत किंवा फिरता बर सुरक्षित, कारण छिन्नीच्या घावाने पातळ कवटीला दूरपर्यंत तडा जाऊ शकतो. हत्याराच्या उष्णतेने हाड मरू नये म्हणून सलाइनची धार सतत सोडावी लागते. डोळा बाजूला ओढताना त्यावर ताण आला, की एका प्रतिक्षिप्त क्रियेने हृदयाची गती एकाएकी मंदावते. भूल सांभाळणाऱ्याने हृदयाचे ठोके सतत पाहावेत, गती उतरताच ताण सोडण्यास सांगावे आणि अट्रोपिन हाताशी ठेवावे. कपाळाची पोकळी उघडी पडल्यास ती शेजारच्या स्नायूच्या आवरणाने झाकतात, तरीही काही दिवस कातडीखाली हवा भरून ती दाबल्यास करकरते; हे घाबरण्याजोगे नाही. गालाची कमान काढावी लागली तरी तिच्या जागी काही बसवावे लागत नाही आणि कुत्रा नेहमीसारखा खातो. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी १९९६ मध्ये २४ कुत्री आणि ६ मांजरे यांच्या डोळ्याभोवतीची हाडे अर्बुदांसह अंशतः किंवा पूर्णतः काढल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया साहस न राहता पशुशल्यचिकित्सेचा मान्य भाग झाली आहे. ऑस्टिओमा पूर्ण निघाल्यास तो पुन्हा उद्भवणे विरळ असते.

नंतरची काळजी यवतमाळच्या हवेत हलक्याने घेऊन चालत नाही. पहिले काही दिवस पापण्या टाक्यांनी तात्पुरत्या मिटवून ठेवतात किंवा दिवसातून अनेकदा डोळ्यात स्नेहक थेंब घालतात. गळ्यात शंकूच्या आकाराची पट्टी दहा ते चौदा दिवस, टाके निघेपर्यंत ठेवावी. पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी माश्या जखमेवर अंडी घालतात आणि एकदोन दिवसांत अळ्या पडतात. कुत्रा घरात, जाळीच्या आड ठेवणे हाच त्यावरचा इलाज आहे. जखमेत फिनाईल, रॉकेल किंवा टर्पेंटाईन ओतल्यास ते डोळ्यात उतरते. वेदनेसाठी घरातील माणसांची गोळी, विशेषतः डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, कुत्र्याला देऊ नये, कारण तिने जठरात व्रण होऊन रक्त पडते आणि मूत्रपिंडे निकामी होतात; पशुवैद्य मेलोक्सिकॅमसारखे औषध वजनानुसार देतात तेच द्यावे. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा क्ष-किरण चित्र काढून जागा स्वच्छ आहे याची खात्री करावी.

हे सर्व उपचार कुठे मिळतील, हा प्रश्न जिल्ह्याच्या भूगोलाशी बांधलेला आहे. गावच्या किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी, नाकातील नमुना आणि रक्ताची काचपट्टी होऊ शकते. शस्त्रक्रियेसाठी यवतमाळ, वणी, राळेगाव या भागांतून नागपूर हे स्वाभाविक केंद्र आहे; यवतमाळपासून ते सुमारे दीडशे किलोमीटरवर असून १९५८ पासून तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही तिथेच आहे. दारव्हा, दिग्रस पट्ट्याला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आणि उमरखेड, पुसदच्या दक्षिण भागाला परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. गुंतागुंतीच्या, मेंदूलगतच्या गाठीसाठी मात्र मुंबई गाठावी लागते, जिथे परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून भूलतज्ज्ञ, क्ष-किरण यंत्र आणि शल्यचिकित्सक यांची एकत्र उपलब्धता विचारून घ्यावी आणि मे महिन्यात प्रवास पहाटे करावा, कारण पंचेचाळीस अंशांच्या उन्हात नाक अडलेला कुत्रा धाप लागून वाटेतच कोसळू शकतो.

वाचकांना आग्रहाची विनंती दोन गोष्टींची. डोळ्याजवळच्या गाठीवर बिब्बा लावू नये आणि ती डागू नये. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, डोळ्यात गेल्यास बुबुळ कायमचे पांढरे पडते, आणि हाडातल्या गाठीला त्याचा काहीही स्पर्श होत नाही. आणि कोठेही, कितीही लहान गाठ काढली गेली, तरी काढलेला तुकडा फेकून न देता फॉर्मलिनमध्ये घालून तपासणीला पाठवण्याचा आग्रह धरावा, अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढील लेखांकात वरच्या दाढेच्या मुळाचे विकार आणि दाढ काढण्याची पद्धत यांचा विचार केला जाईल.